मळ्यातले घर आणि शीतगृह: वायरलेस ब्रॉडबँडवर कितपत विसंबावे?

येरळाकाठ

नमस्कार. तासगाव तालुक्यात गावठाणापासून साधारण चार किलोमीटरवर, मळ्यात आमचे घर आहे आणि घराला लागूनच बेदाण्याचे एक लहान शीतगृह आहे. दोन्हींसाठी मिळून इंटरनेटची नवी सोय करायची आहे. त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

सध्या एका कंपनीची फायबर जोडणी आहे. चालते तेव्हा ती उत्तम चालते. परंतु रस्त्याचे रुंदीकरण, पाण्याची पाईपलाईन, शेततळ्याची खोदाई असे काही ना काही आमच्या बाजूला सतत सुरू असते आणि जेसीबीच्या बकेटने केबल उचकटली की ती जोडायला माणूस येईपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात. मळ्यातली वस्ती विखुरलेली असल्याने या वाटेवर कंपनीचे ग्राहक मोजकेच आहेत, त्यामुळे आमच्या तक्रारीला वजन नसते. एरवी हे खपून जाते, पण हंगामात नाही. ई-वे बिल निघाले नाही तर भरलेली गाडी दारातच उभी राहते, पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याला माल व्हिडिओवर दाखवता येत नाही, आणि शीतगृहाच्या खोल्यांचे तापमान मोबाईलवर दिसायचे थांबते.

आता माझ्यासमोर दोन प्रस्ताव आहेत. एका मोबाईल कंपनीचा प्रतिनिधी ५जी टॉवरवरून घरी जोडणी देऊ म्हणतो. टॉवर सुमारे दीड किलोमीटरवर आहे. दुसरा प्रस्ताव तालुक्याच्या गावातल्या एका स्थानिक इंटरनेट व्यावसायिकाचा आहे. तो आमच्या गच्चीवर लहान डिश बसवून आमच्या गावठाणातल्या त्याच्या मास्टशी (रेडिओ लावलेल्या उंच खांबाशी) थेट जोडून देणार आहे. दोघांचेही म्हणणे एकच, की वायर नाही म्हणजे तुटण्याचा प्रश्नच नाही. हे कितपत खरे धरावे? वळवाच्या पावसात, वादळात काय होते? मध्ये ऊस आणि झाडे आहेत, त्यांची अडचण होईल का? घरासाठी ठीक असलेली जोडणी व्यवसायालाही पुरते का, आणि फायबर बंद करावे की ठेवावे?

जुना_दूरसंचारी

तुमच्यासमोरचे दोन प्रस्ताव वरवर सारखे दिसतात, पण ते दोन वेगळ्या जातीचे आहेत. मोबाईल कंपनीची जोडणी तिने लिलावात विकत घेतलेल्या, केवळ तिच्याच हक्काच्या लहरींवर चालते. स्थानिक व्यावसायिकाची डिश बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यावर चालेल. त्या पट्ट्यातल्या ६०५ मेगाहर्ट्झच्या वापराला आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ पासून परवाना लागत नाही, म्हणजेच तो कोणाच्याही मालकीचा नाही. पहिल्या जोडणीत हस्तक्षेपाची भीती कमी, पण टॉवरची क्षमता शेकडो मोबाईलधारकांबरोबर वाटून घ्यावी लागते. दुसरीत तुमचा दुवा जवळपास तुमच्या एकट्याचा असतो, पण उद्या शेजारच्या गच्चीवर त्याच वाहिनीवर आणखी कोणी रेडिओ लावला तर कायद्याने तुम्हाला दाद मागता येत नाही. (हल्ली मोबाईल कंपन्यासुद्धा काही ग्राहकांना ५जीऐवजी खुल्या पट्ट्यातल्या रेडिओवरून जोडणी देतात आणि नाव मात्र तेच ठेवतात. तेव्हा तुमच्या प्रतिनिधीला हे स्पष्टपणे विचारा.)

वायरलेसने घरोघरी इंटरनेट पोहोचवण्याचे आश्वासन नवीन नाही. नव्वदच्या दशकात मद्रास आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट नावाची प्रणाली विकसित केली. खेड्यातल्या घरात तारेविना दूरध्वनी आणि त्याच्या जोडीला ३५ ते ७० केबीपीएस इंटरनेट, अशी ती सोय होती. आज हा वेग हास्यास्पद वाटेल, पण २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस होती, हे लक्षात घ्या. त्यानंतर वायमॅक्स या लांब पल्ल्याच्या वायरलेस इंटरनेट तंत्राची लाट आली. पन्नास किलोमीटर अंतर आणि सत्तर एमबीपीएस वेग अशी तिची जाहिरात सर्वत्र होत असे. हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, परंतु एकाच ग्राहकाला एकाच वेळी दोन्ही मिळणे शक्य नव्हते. अंतर वाढले की संकेत क्षीण होतो आणि संकेत क्षीण झाला की वेग उतरतो; या नियमातून त्या वेळी कोणी सुटले नाही आणि आजही सुटत नाही.

२०१० मध्ये सरकारने खास वायरलेस ब्रॉडबँडसाठी म्हणून २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरींचा लिलाव केला. संपूर्ण देशासाठीच्या २० मेगाहर्ट्झला बोली १२ हजार ८०० कोटी रुपयांच्या वर गेली. ती जिंकणारी इन्फोटेल ही लहान कंपनी रिलायन्सने लगोलग ताब्यात घेतली. पुढे वायमॅक्स मागे पडले, त्याच लहरींवर एलटीई, म्हणजे ४जीचे तंत्र आले. एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू केलेली देशातली पहिली ४जी सेवा याच पट्ट्यावर होती, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले तेव्हा त्या लहरींचा खरा उपयोग घराच्या जोडणीसाठी न होता हातातल्या मोबाईलसाठी झाला. घरासाठी म्हणून घेतलेल्या लहरी मोबाईलने खाऊन टाकल्या, असे मी म्हणतो. क्षमता अपुरी असली की हे होणारच, कारण त्याच मेगाहर्ट्झमधून मोबाईलधारकाकडून मिळणारे उत्पन्न घरगुती ग्राहकाच्या कित्येक पट असते.

मग आता काय बदलले? २०२२ च्या लिलावात कंपन्यांना ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झपर्यंत सलग रुंदी मिळाली आणि २६ गिगाहर्ट्झमध्ये त्याहून कितीतरी जास्त. जिओने तिथे १००० मेगाहर्ट्झ घेतले. पूर्वीच्या २० मेगाहर्ट्झशी तुलना केली तर फरक लक्षात येईल. टॉवरवरचे अँटेनाही बदलले. पूर्वीचा अँटेना एका दिशेला सरसकट लहरी फेकायचा, आताचा कित्येक लहान अँटेनांचा संच प्रत्येक ग्राहकाकडे स्वतंत्र झोत वळवतो. या बळावर २०२३ मध्ये एअरटेलने ऑगस्टमध्ये आणि जिओने गणेश चतुर्थीच्या दिवशी घरगुती सेवा सुरू केल्या. एअरटेलचे सुरुवातीचे उपकरण घरातच ठेवायचे होते, जिओ गच्चीवर बाहेरचा संच बसवून देते. तुमच्यासाठी दीड किलोमीटरवर बाहेरचा संचच हवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. «वायर नाही म्हणजे तुटण्याचा प्रश्न नाही» हे विधान अर्धेच खरे आहे. तुमच्या गच्चीपासून टॉवरपर्यंत वायर नाही, एवढाच त्याचा अर्थ. टॉवरच्या पुढचा प्रवास फायबरवरूनच होतो, किंवा एका टॉवरवरून दुसऱ्यावर मायक्रोवेव्हने जाऊन मग फायबरवर होतो. ज्या जेसीबीने तुमची केबल तोडली तो उद्या टॉवरला येणारी केबलही तोडू शकतो. फरक इतकाच की तिथे हजार ग्राहक एकदम बंद पडतात आणि म्हणून दुरुस्ती काही तासांत होते. तुमच्या तक्रारीला जे वजन नाही ते टॉवरच्या तक्रारीला आहे, आणि माझ्या मते तुमच्या परिस्थितीत वायरलेसचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

गच्चीवरचा_रेडिओ

मी जुन्नर-आंबेगाव भागात असा व्यवसाय करतो, त्यामुळे डिशच्या प्रस्तावाबद्दल लिहितो. तुमच्याकडचा व्यावसायिक कोण आहे हे मला ठाऊक नाही आणि त्याच्याशी माझा संबंधही नाही.

चार किलोमीटर हे ५ गिगाहर्ट्झसाठी सोयीचे अंतर आहे. मोकळ्या हवेत या अंतरात संकेत सुमारे १२० डेसिबलने घटतो. मास्टकडून ३६ डीबीएमची प्रभावी शक्ती (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचे माप) आणि तुमच्याकडे २५ डीबीआयची डिश (डीबीआय म्हणजे डिश संकेत किती एकवटते त्याचे माप) धरली तर रेडिओच्या पडद्यावर उणे ५९ डीबीएमच्या आसपास आकडा दिसायला हवा; उणे आकडा जितका शून्याजवळ तितका संकेत चांगला. बसवताना तो स्वतः पाहा. उणे ६५ पर्यंत मी समाधानी असतो. उणे ७५ दिसत असेल तर डिश नीट वळवलेली नाही किंवा मध्ये काहीतरी आहे, आणि «नंतर येऊन ॲडजस्ट करतो» हे उत्तर स्वीकारू नका.

मध्ये काहीतरी म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण नव्वद टक्के रडगाणी तिथली असतात. गच्चीवर उभे राहून गावातला मास्ट डोळ्यांना दिसला म्हणजे लाईन ऑफ साईट मिळाली, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात लहरी एका रेषेतून जात नाहीत. त्या रेषेभोवती मधोमध फुगलेला एक लांबट पट्टा त्यांना लागतो. चार किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झ असेल तर मध्यभागी त्या पट्ट्याची त्रिज्या सुमारे ७.२ मीटर येते आणि त्यातला किमान साठ टक्के, म्हणजे सव्वाचार मीटरहून थोडा अधिक भाग मोकळा लागतो. याचा अर्थ असा की दोन किलोमीटरवरच्या झाडाचा शेंडा तुमच्या दृष्टिरेषेच्या दोन मीटर खाली असला, तरी तो अडथळाच आहे. उसाची चिंता करू नका, तो तेवढा वाढत नाही. सुबाभूळ, निलगिरी आणि बांधावरचे नारळ यांची चिंता करा. जोडणी दिली त्या वर्षी जी सुबाभूळ खांद्याएवढी होती ती तीन पावसाळ्यांनंतर थेट वाटेत उभी असते, आणि ओली पाने कोरड्या पानांपेक्षा जास्त संकेत शोषतात, म्हणून ग्राहक सांगतो की «पाऊस आला की नेट जाते». पावसाच्या थेंबांनी ५ गिगाहर्ट्झला काही होत नाही. २६ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या जोडण्यांना मुसळधार पावसाचा खरोखर त्रास होतो, पण चार किलोमीटरवर तुम्हाला तसली जोडणी कोणी देणार नाही.

वळवाचा खरा धोका वारा आणि वीज या दोन गोष्टींचा आहे. पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्याला वेल्ड केलेल्या पातळ पाईपवर डिश लावली तर सोसाट्याच्या वाऱ्यात ती काही अंशांनी फिरते आणि संकेत खाली येतो. मास्ट आरसीसी स्लॅबला किंवा भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने धरलेला असावा. दोन मीटरच्या वर पाईप गेला तर तीन बाजूंनी ताण द्यावा. विजेबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आमच्याच धंद्यातले लोक ती उलटी करतात. मास्टसाठी आर्थिंगचा वेगळा खड्डा खणून तो तसाच सुटा ठेवू नये. तो घराच्या मुख्य आर्थिंगला जाड पट्टीने जोडलेला हवा. दोन सुटे खड्डे असले की जवळपास वीज पडल्यावर दोन्हींमध्ये दाबाचा जो फरक तयार होतो तो रेडिओपासून खाली आलेल्या लॅन केबलमधून वाट काढतो आणि राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा), कॉम्प्युटर एका दमात जाळतो. केबल घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला दाब जमिनीकडे वळवणारे उपकरण) लावा. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. हे साधे वाटते, पण कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे मला जितके फेरे पडतात तितके दुसऱ्या कशानेही पडत नाहीत.

कोथरूडचे_कार्यालय

वर तांत्रिक बाजू आली आहे, मी वापरणाऱ्याची बाजू सांगतो. आमच्या लेखापरीक्षण कार्यालयात मुख्य जोडणी फायबरची आणि दुसरी ५जीची, अशी व्यवस्था आहे. जीएसटीची विवरणपत्रे, ई-इनव्हॉइस, बँकेची कामे, व्हिडिओ बैठका यांत दोहोंत फरक जाणवत नाही. सायंकाळी मोबाईलधारकांची गर्दी होते तेव्हा ५जीचा वेग उतरतो, पण कार्यालय तोवर बंद झालेले असते.

अडचण आली ती दुसऱ्या जागी. ५जीच्या जोडणीवर आमच्या टॅली सर्व्हरला बाहेरून जोडता येईना. कारण असे की या जोडण्यांत कंपनी कित्येक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवते, त्यामुळे तुम्ही बाहेर जाऊ शकता पण बाहेरून कोणी थेट तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. शीतगृहाचा डीव्हीआर किंवा तापमानाचा संच जुन्या पद्धतीचा, म्हणजे पोर्ट उघडून पाहण्याचा असेल, तर आधी स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मिळतो का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे विचारून घ्या. कंपनीच्या ॲपमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत चालणाऱ्या संचांना हा प्रश्न येत नाही.

साता_समुद्रापार

मी अमेरिकेत राहतो. इथला अनुभव तुमच्या उपयोगाचा वाटतो म्हणून लिहितो. इथे व्हेरायझनने ऑक्टोबर २०१८ मध्ये चार शहरांत घरगुती ५जी सुरू केले तेव्हा भर अतिउच्च लहरींवर होता. वेग अफाट होता, पण एका चौकात मिळणारी सेवा पुढच्या चौकात मिळत नसे. गाडी खरी धावू लागली ती २०२१ नंतर, मध्यम पट्ट्यातल्या लहरी हाती आल्यावर. २०२२ पासून या देशात ब्रॉडबँडचे जे निव्वळ नवे ग्राहक वाढले त्यांत बहुतांश या वायरलेस जोडण्यांचे आहेत, आणि त्यांत केबल कंपन्यांच्या दरांना व तोऱ्याला कंटाळलेली शहरातली कुटुंबेही पुष्कळ आहेत.

त्यामागचा एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. टी-मोबाईल प्रत्येक पत्त्यासाठी पाहते की त्या बाजूच्या टॉवरवर मोबाईलधारकांचा वापर वजा जाता क्षमता उरते का. उरत असेल तरच घरगुती जोडणी देते, नाहीतर तुमचे नाव प्रतीक्षायादीत जाते. शेजाऱ्याला मिळाली आणि मला नाही, असेही होते. ग्राहकाला राग येतो, पण ज्यांना मिळाली त्यांची जोडणी त्यामुळेच टिकते. म्हणून कंपनीचा प्रतिनिधी तुमच्या बांधावर न येताच «सगळीकडे मिळेल» म्हणू लागला, तर मी सावध होईन.

सह्याद्रीपलीकडे

आमचे गाव सावंतवाडीजवळ आहे. चर्चेत शिरतो आहे, पण एक शंका विचारतो. आमच्याकडे झाडी इतकी दाट आहे की गच्चीवरून शेजाऱ्याचे कौलही दिसत नाही, टॉवर दूरच. मग आमच्यासारख्यांसाठी वायरलेसचे हे सारे आश्वासन फोलच म्हणायचे का?

जुना_दूरसंचारी

५ गिगाहर्ट्झच्या डिशपुरते म्हणायचे तर, होय. लहरींची वारंवारता जितकी कमी तितक्या त्या पानांतून आणि भिंतींतून बऱ्या जातात. याच विचाराने मुंबई आयआयटीत प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने ग्राममार्ग नावाच्या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये दूरदर्शनच्या यूएचएफ पट्ट्यातल्या, म्हणजे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. फायबर जिथपर्यंत आले आहे तिथून पुढच्या पाड्यांपर्यंत या लहरी आणि पाड्यात साधे वायफाय, अशी रचना होती. डोंगर आणि झाडी असूनही ती चालली, आणि २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत तिला पहिले पारितोषिकही मिळाले. परंतु त्या पट्ट्यात चाचणीसाठी परवानगी मिळणे वेगळे आणि तिथे व्यवसाय करणे वेगळे, त्यामुळे तो संच आज तुम्हाला दुकानातून आणता येणार नाही. तुमच्या भागात ७०० मेगाहर्ट्झवर ५जी असेल तर ते झाडीतून पोहोचेल. मात्र त्या पट्ट्यात रुंदी कमी असल्याने मोठ्या वेगाची अपेक्षा ठेवू नका.

खुल्या पट्ट्यातली साधी वायफाय उपकरणेसुद्धा नीट उभारली तर किती काम देतात, याचे माझे आवडते उदाहरण तमिळनाडूतल्या थेनी भागातले आहे. अरविंद नेत्र रुग्णालयाने साधारण वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांसह गावोगावच्या दृष्टिकेंद्रांना दिशादर्शक अँटेना लावून रुग्णालयाशी जोडले, आणि डॉक्टर व्हिडिओवर रुग्णांचे डोळे तपासू लागले. तिथेही सर्वाधिक डोकेदुखी लहरींची नव्हती. वीज सतत खालीवर होत असे आणि त्यामुळे उपकरणे बिघडत. येरळाकाठ यांनी म्हणून रेडिओ, राउटर आणि पीओई अडॉप्टर (लॅन केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावेत.

येरळाकाठ

सर्वांचे आभार. या चर्चेच्या आधाराने दोघांनाही पाहणीसाठी बोलावले. ५जीवाल्याने गच्चीवर मोजणी केली: खाली येणारा वेग १८० एमबीपीएसच्या घरात, वर जाणारा २२. डिशवाल्याने जिन्याच्या टोपीवर तात्पुरता रेडिओ धरला तेव्हा उणे ६३ दिसले. त्याने दोन्ही बाजूंना ५० एमबीपीएस देऊ असे सांगितले. त्याच्या मास्टला इंटरनेट कुठून येते, असे विचारले तेव्हा कळले की ज्या कंपनीचे फायबर आमच्याकडे आहे तिचीच मोठी जोडणी त्याने घेतलेली आहे, आणि केबल मिरजेकडून त्याच रस्त्याने येते.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आठ कॅमेरे क्लाउडवर साठवावेत असे मुलाचे म्हणणे आहे. वर जाणारे २२ एमबीपीएस त्याला पुरतील का? आणि ५जीचा राउटर कार्यालयात ठेवला तर शीतगृहाच्या खोल्यांतले तापमानाचे संच वायफायवर चालतील का?

कोथरूडचे_कार्यालय

क्लाउडचा हिशेब कागदावर मांडून पाहा. प्रत्येक कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरले तर आठांना मिळून १६ एमबीपीएस अखंड वर जात राहणार. दिवसाला सुमारे १७३ जीबी, महिन्याला पाच टीबीच्या वर. घरगुती वायरलेस योजनांत महिन्याची मर्यादा साधारण एक टीबीच्या आसपास असते, म्हणजे पहिल्या आठवड्यातच वेग घसरेल; आणि उरलेल्या ६ एमबीपीएसमध्ये तुमची व्हिडिओवरची मालपाहणी करायची. चित्रण डीव्हीआरवरच ठेवा, बाहेरून हवे तेव्हा एखादा कॅमेरा पाहा, आणि क्लाउडवर फक्त हालचाल झाल्यावरच्या छोट्या तुकड्यांची प्रत जाऊ द्या.

गच्चीवरचा_रेडिओ

शीतगृहाच्या खोल्यांत वायफाय जाणार नाही. पफ पॅनेलच्या (फोम भरलेल्या भिंतीच्या) दोन्ही बाजूंना पत्रा असतो आणि दरवाजाही पत्र्याचा, त्यामुळे खोली म्हणजे बंद डबाच. संच आतून काढलेल्या केबलने बाहेरच्या पॅसेजमध्ये आणा आणि तिथे एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा, किंवा थेट लॅन केबल टाका. शंभर मीटरच्या आत असेल तर मध्ये काही लागत नाही. केबल पॅनेलमधून जाते ते भोक फोमने बुजवा, नाहीतर दव धरते.

तुमच्या पाहणीतला सर्वांत मोलाचा शोध मिरजेच्या रस्त्याचा आहे. फायबर आणि डिश असे दोन्ही घेतले असतेत तर बिले दोन आली असती आणि तो रस्ता खणला गेला त्या दिवशी दोन्ही एकदम बंद पडले असते. माझ्याच धंद्यातल्या माणसाचे गिऱ्हाईक घालवतो आहे, पण तुम्हाला ५जीच घ्यावी लागेल. त्या टॉवरची केबल कुठल्या बाजूने येते हे प्रतिनिधीला ठाऊक नसेल; टॉवरवर देखभालीला येणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगतो. डिशवाला उद्या विट्याच्या बाजूने दुसरी वाट घेणार असेल तर त्याचा विचार पुन्हा करता येईल, कारण दोन्ही बाजूंना सारखा वेग ही त्याची जमेची बाजू खरी आहे.

फायबर बंद करू नका. दोन वॅन पोर्ट (बाहेरून येणारी इंटरनेट जोडणी लावायच्या खाचा) असलेला राउटर घ्या, पहिली जोडणी फायबरची आणि ती पडली की आपोआप ५जी, अशी रचना करा. राउटरला जोडणी पडली आहे हे कळण्यासाठी तो बाहेरचा एखादा पत्ता तपासत राहील अशी सोय चालू ठेवा. नुसते पोर्टचे दिवे पाहणारा राउटर फसतो, कारण रस्त्यावर केबल तुटली तरी घरातल्या डब्याचा दिवा लागलेलाच असतो.

जुना_दूरसंचारी

एक पुरवणी. करारात ९९.५ टक्के उपलब्धता असे काही लिहिलेले दिसले तर हुरळून जाऊ नका. वर्षाच्या ८,७६० तासांचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास, आणि ते सगळे तास मार्चमधल्या दोन दिवसांत आले तरी करार मोडत नाही. तुमच्यासारख्या ग्राहकाने टक्केवारीपेक्षा «तक्रारीनंतर किती तासांत दुरुस्ती» हा आकडा लेखी मागावा. ५जीची घरगुती योजना घेतलीत तर तो मिळणार नाही, व्यावसायिक योजनेत मिळू शकतो, आणि दोहोंच्या दरातला फरक हंगामात अडकलेल्या एका गाडीच्या भाड्याशी ताडून पाहावा.

येरळाकाठ

५जीची व्यावसायिक योजना स्टॅटिक आयपीसह मागवली आहे आणि फायबर चालू ठेवत आहे. टॉवरची केबल तासगावच्या उलट्या बाजूने, कवठे महांकाळच्या रस्त्याने येते, असे देखभालीच्या माणसाने सांगितले. दुरुस्तीचे तास लेखी देण्याबाबत प्रतिनिधी «वर विचारून सांगतो» म्हणाला आहे. उत्तर आले की इथे लिहीन.